मध आणि जखम

गेल्या महिन्याच्या टपालांत आम्हांस एका वाचक भगिनीचें पत्र आलें. पत्र चांगलें चार पानी असून त्यांत घरांतील एका वादाचा निवाडा आमच्याकडे मागितला होता. त्यांच्या सासूबाईंना नवी चप्पल लागली आणि उजव्या पायाच्या अंगठ्याखालीं फोड आला. तो फुटून तेथें जखम झाली. सासूबाईंनीं माहेरच्या वहिवाटीप्रमाणें देवघरांतील पंचामृताच्या मधाची बाटली मागवून घेतली, आणि रोज स्नानानंतर जखमेवर मध लावून वर जुन्या धुवट धोतराची पट्टी बांधण्याचा क्रम सुरू केला. भगिनींचे चिरंजीव वैद्यकाच्या शेवटच्या वर्षास आहेत. त्यांना हें पाहून हसूं आलें, व "आजी, अशानें मुंग्या येतील" असे उद्गार त्यांच्या तोंडून निघून गेले. आजीबाईंना ते लागले. "तुझ्या पुस्तकांच्या आधींपासून मध आहे," असें त्यांनीं सुनावलें, आणि दोन दिवस त्या नातवाशीं बोलल्या नाहींत. घरचे यजमान "दोघांचेंहि खरें" असें म्हणून मोकळे झाले. "तेव्हां आतां आपणच सांगावें," असें भगिनी लिहितात, "मध हें औषध आहे कीं नुसती समजूत आहे?"

पत्राच्या शेवटीं दोन ओळींचा ताजा कलम होता. त्याचें उत्तर आम्हीं त्याच दिवशीं निराळें पाठविलें; त्याविषयीं पुढें सांगूं. मूळ प्रश्न मात्र अनेक घरांत निघणारा आहे, म्हणून त्याचा विचार या महिन्यांत येथें करण्याचें योजिलें आहे.

प्रथम आजीबाईंची बाजू पाहूं. मधाचा औषधी उपयोग जुना आहे याबद्दल वाद नाहीं. इजिप्त देशांतील लक्झर येथें १८६२ सालीं एडविन स्मिथ नांवाच्या अमेरिकन गृहस्थांनीं पपायरसची एक प्राचीन गुंडाळी विकत घेतली. तिचें इंग्रजी भाषांतर ब्रेस्टेड या पंडितांनीं १९३० सालीं प्रसिद्ध केलें. ख्रिस्तपूर्व १६०० च्या सुमारास लिहिलेला तो शल्यचिकित्सेवरील ग्रंथ आहे. जखमेवर पहिल्या दिवशीं ताजें मांस बांधावें व नंतर ती बरी होईपर्यंत रोज चरबी, मध आणि तंतूंचा बोळा ठेवावा, असा उपचार त्यांत वारंवार सांगितला आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेंत, सूत्रस्थानाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायांत, मधाचे माक्षिक, भ्रामर, क्षौद्र वगैरे आठ प्रकार दिले असून शोधन आणि रोपण हे मधाचे गुण म्हणून सांगितले आहेत. शोधन म्हणजे व्रणांतील घाण काढून तो स्वच्छ करणें, आणि रोपण म्हणजे तो भरून आणणें. तुटलेली कानाची पाळी सांधल्यावर तिजवर मध व तूप लावून मग पट्टी बांधावी, असेंहि सुश्रुताचें सांगणें आहे. म्हणजे आजीबाईंच्या माहेरची वहिवाट कांहीं आजकालची नव्हे.

परंतु जुनें तेवढें खरें असें म्हणूं लागलों तर इजिप्तच्या वैद्यांचें ताजें मांसहि आपणांस जखमेवर बांधावें लागेल. वहिवाट कितीहि जुनी असली तरी ती परीक्षेस उतरली पाहिजे, आणि नातवाचें म्हणणेंहि ऐकून घेतलें पाहिजे. त्याची शंका अशी कीं, मध म्हणजे साखर आणि साखर हें जंतूंचें खाद्य. मग जखमेवर मध घालणें म्हणजे जंतूंस पंगतीला बसविणें नव्हे काय? शंका रास्त आहे. तिचें उत्तर मधाच्या घटनेंत आहे.

मधांत पाणी शेंकडा १७-१८ भाग एवढेंच असतें आणि साखर शेंकडा ८० च्या आसपास असते. ही साखर पाण्याला इतकी घट्ट धरून ठेवते कीं, जंतूंच्या वांट्याला पाणी उरतच नाहीं. उलट त्यांच्याच अंगांतील पाणी ती ओढून घेते. आपल्या घरीं मोरावळा किंवा साखरंबा वर्षभर टिकतो तो याच कारणानें. पातळ सरबत दोन दिवसांत आंबतें, घट्ट पाक आंबत नाहीं. दुसरें असें कीं, मध जिभेला गोड लागला तरी तो अम्ल आहे. त्याचा पीएच सामान्यतः ३.२ ते ४.५ यांच्या दरम्यान असतो, आणि जखमेंत पू करणाऱ्या पुष्कळ जंतूंना एवढी अम्लता मानवत नाहीं.

येथें वाचक विचारतील कीं, जखमेंतून लस तर सारखी पाझरत असते. तिनें मध पातळ झाला म्हणजे मग काय? मधाची खरी करामत येथेंच आहे. १९३७ सालीं डोल्ड या जर्मन शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं मधांत जंतूंची वाढ रोखणारें कांहीं द्रव्य असल्याचें दाखवून त्याला 'इन्हिबिन' असें नांव दिलें. तें द्रव्य म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड होय, असें व्हाइट नांवाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९६३ सालीं सिद्ध केलें. मधमाशी फुलांतील रसाचा मध करितांना आपल्या ग्रंथींतील ग्लुकोज ऑक्सिडेज नांवाचें विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारें एक द्रव्य, त्यांत मिसळते. घट्ट मधांत हें विकर निजल्यासारखें असतें. लसेनें मध पातळ झाला कीं तें जागें होतें व साखरेपासून थोडें थोडें हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करूं लागतें. औषधांच्या दुकानांत शेंकडा ३ चें जें द्रावण मिळतें, त्याच्या मानानें याचें प्रमाण सुमारें हजारांश भरतें. दुकानांतील द्रावण जखमेंत ओतलें म्हणजे फेंस येतो, आणि जंतूंबरोबर नव्या कोंवळ्या पेशींनाहि इजा पोंचते. मधांतील पेरॉक्साइड अल्प असून सारखें उत्पन्न होत राहतें, म्हणून तें जंतूंना जाचतें, परंतु भरत्या जखमेला फारसें बाधत नाहीं.

सर्वच मध एका जातीचे नसतात. न्यूझीलंडमधील मानुका नांवाच्या झुडपाच्या फुलांपासून झालेला मध पेरॉक्साइड काढून टाकलें तरीहि जंतूंस मारतो, ही गोष्ट तेथील वायकाटो विद्यापीठांतील प्राध्यापक पीटर मोलन यांनीं पुढें आणली. त्याचें मुख्य कारण मिथिलग्लायॉक्झल हें द्रव्य होय, असें २००८ सालीं ठरलें. शिवाय कोणत्याहि चांगल्या मधाचा एक साधा गुण असा कीं, तो जखम ओलसर ठेवतो. त्यामुळें पट्टी मांसाला चिकटत नाहीं आणि सोडतांना नवी कातडी ओरबाडली जात नाहीं. आंतून लस ओढली गेल्यानें मेलेलें मांसहि सैल होऊन सुटून येतें. सुश्रुताच्या शोधन या शब्दाचा अर्थ यावरून चांगला उलगडतो.

आतां प्रत्यक्ष रोग्यांवरील अनुभव पाहूं. या बाबतींत आपल्या महाराष्ट्रांतील एका गांवाचें नांव जगाच्या वैद्यकीय वाङ्मयांत गेलें आहे, हें पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. सोलापूरच्या वैशंपायन स्मारक वैद्यकीय महाविद्यालयांतील शल्यवैद्य डॉ. सुब्रह्मण्यम यांनीं भाजलेल्या १०४ रोग्यांवर प्रयोग करून त्याचा वृत्तान्त १९९१ सालीं 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी' या पत्रांत प्रसिद्ध केला. ५२ रोग्यांना मधाची पट्टी बांधली, आणि ५२ रोग्यांना भाजल्यावर नेहमीं वापरलें जाणारें सिल्व्हर सल्फाडायझिनचें मलम लावलें. सात दिवसांच्या आंत मधाच्या गटांतील शेंकडा ९१ जखमा जंतुरहित झाल्या. मलमाच्या गटांत हें प्रमाण शेंकडा ७ च निघालें. पंधरा दिवसांत मधानें शेंकडा ८७ जखमा भरून आल्या, मलमानें शेंकडा १०.

आजीबाईंनीं हे आंकडे नातवापुढें ठेवण्यास आमची हरकत नाहीं. तथापि येथेंहि घाई कामाची नाहीं. फरक इतका मोठा दिसला म्हणजे दुसऱ्यांनीं दुसऱ्या ठिकाणीं तोच प्रयोग करून ताळा पाहावा, अशी शास्त्राची रीत आहे. जगांतील वैद्यकीय प्रयोगांची छाननी करणारी कॉक्रन नांवाची जी संस्था आहे, तिनें २०१५ सालीं मधाविषयींचे २६ प्रयोग, मिळून ३०११ रोगी, तपासून पाहिले. कातडी पूर्ण खोलीपर्यंत जळालेली नाहीं अशा भाजलेल्या जखमा नेहमींच्या पट्ट्यांपेक्षां मधानें चार-पांच दिवस आधीं भरतात, आणि शस्त्रक्रियेनंतर पू झालेल्या जखमाहि जंतुनाशक व गॉज यांपेक्षां मधानें लवकर बऱ्या होतात, असें त्यांत आढळून आलें. परंतु पायाच्या शिरांच्या विकारानें होणाऱ्या जुनाट व्रणांत मधाचा विशेष लाभ दिसला नाहीं, व मधुमेहाच्या पायावरील व्रणांविषयीं निश्चित असें कांहींच म्हणतां आलें नाहीं. शिवाय भाजलेल्या जखमांविषयींचा बराचसा पुरावा एकाच शल्यवैद्याच्या प्रयोगांतून आलेला आहे, हेंहि ध्यानांत ठेविलें पाहिजे.

तेव्हां मध हें औषध आहे, कांहीं जखमांवर चांगलें औषध आहे, एवढें ठरलें. पण कोणता मध? हल्लीं रुग्णालयांत जखमेसाठीं वापरतात तो मध आणि देवघरांतील बाटली यांत तीन बाबतींत अंतर आहे. एक तर बाजारांतील मध साखर धरूं नये म्हणून बहुधा तापविलेला असतो, आणि तापविल्यानें वर सांगितलेलें विकर दुबळें होतें. दुसरें, बाटलींत मधच असेल याची खात्री नाहीं. २०२० सालच्या डिसेंबरांत दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरनमेंट या संस्थेनें बाजारांतील १३ छापांचे मध तपासून घेतले, तेव्हां सर्व परीक्षांत उतरले ते अवघे ३. साखरेचा पाक मिसळलेल्या मधांत मधमाशीचें विकर कोठून येणार? तिसरें अंतर सर्वांत महत्त्वाचें आहे. मधांत जंतु वाढत नाहींत हें खरें. परंतु कांहीं जंतूंचे बीजाणु, म्हणजे जाड कवचाचीं सुप्त बीजें, त्यांत न मरतां पडून राहूं शकतात. त्यांत बोटुलिझम नांवाचा भयंकर रोग उत्पन्न करणाऱ्या जंतूंचेहि बीजाणु असूं शकतात. म्हणून औषधी मध गॅमा किरणांनीं निर्जंतुक करितात. उष्णता लागत नसल्यानें त्याचे गुण कायम राहतात. अशा मधाच्या पट्ट्यांना अमेरिकेंत २००७ सालीं सरकारी मान्यता मिळाली, आणि आतां तशा पट्ट्या व मलमें आपल्याकडेहि औषधविक्रेत्यांकडे मिळूं शकतात.

या बीजाणूंच्या संबंधानें एक सूचना ओघानेंच आली, आणि ती आमच्या वाचकवर्गाला विशेष लागू आहे. आपल्यांत बाळ जन्मल्यावर जातकर्मांत त्यास सोन्याबरोबर मध व तूप चाटविण्याची रीत आहे. पुष्कळ घरीं बारशापर्यंत मधाचें बोट चालूच असतें. मोठ्या माणसाच्या आंतड्यांत हे बीजाणु सहसा रुजत नाहींत. परंतु तान्ह्या बाळाच्या आंतड्यांत ते रुजून विष उत्पन्न करूं शकतात. मग मलावरोध होतो, रडें क्षीण होतें, मान धरवत नाहीं, दूध ओढवत नाहीं, आणि शेवटीं श्वासहि अडतो. तान्ह्या मुलांचा हा रोग १९७६ सालीं कॅलिफोर्नियांत प्रथम ओळखला गेला, आणि मधाशीं असलेला त्याचा संबंध त्यानंतर लवकरच उघड झाला. मध उकळल्यानेंहि हे बीजाणु नष्ट होतील असा भरंवसा नाहीं. म्हणून एक वर्ष पुरें होईपर्यंत बाळाच्या तोंडीं मधाचा थेंबहि जाऊं देऊं नये. संस्कार करावयाचा असेल त्यांनीं पुरोहितांस आधीं सांगून ठेवून मध देवापुढें ठेवावा. बाळाला पहिले सहा महिने आईच्या दुधावांचून कशाचीच गरज नसते.

आतां त्या ताज्या कलमाकडे वळूं. भगिनींनीं त्यांत सहज लिहून टाकिलें होतें : "सासूबाईंना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. जखमेला तीन आठवडे झाले, पण त्यांना तेथें मुळींच दुखत नाहीं, ही देवाचीच कृपा."

चार पानांच्या पत्रांत महत्त्वाची गोष्ट एवढीच होती, आणि ती वाचून आम्ही चिंतेंत पडलों. पायाला जखम झाली असतांना दुखूं नये ही कृपा नव्हे. मधुमेह अंगांत मुरला म्हणजे पायांतील ज्ञानतंतु हळूहळू बधिर होतात, आणि पुष्कळांच्या पायांकडे जाणारें रक्तहि कमी पडतें. वेदना हा शरीराचा पहारेकरी आहे. तो गेला म्हणजे माणूस जखमेवर भार देऊन खुशाल चालत राहतो. वरून जखम रुपयाएवढी दिसते, आणि आंत ती हाडापर्यंत पोंचलेली असते. अशा व्रणाला पहिला उपचार मध नव्हे आणि मलमहि नव्हे. मेलेली कातडी काढणें, पायावरचा भार हलका करणें, रक्ताचा पुरवठा तपासणें, रक्तांतील साखर ताब्यांत आणणें व जंतुसंसर्ग झाला असल्यास पोटांतून औषध देणें, हे त्याचे उपचार होत. आणि ते जाणत्या शल्यवैद्याच्याच हातचे आहेत. मधुमेहाच्या पायाचा विचार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळानें २०२३ सालच्या आपल्या मार्गदर्शनांत असे व्रण भरून आणण्यासाठीं मध वापरूं नये असाच सल्ला दिला आहे. म्हणून आम्हीं त्या भगिनींस त्याच दिवशीं कळविलें कीं, वादाचा निवाडा मागाहून होईल. सासूबाईंना उद्यां सकाळीं शल्यवैद्याकडे न्यावें.

परवां त्यांचें दुसरें पत्र आलें. आजीला घेऊन नातूच गेला होता. शल्यवैद्यांनीं सळई घालून पाहिली, तों जाड झालेल्या कातडीखालीं जखम आंत बोटाच्या सांध्याच्या दिशेनें गेलेली निघाली. सुदैवानें हाडाला अजून धक्का लागलेला नव्हता. मेलेली कातडी काढली, औषध सुरू केलें, आणि अंगठ्यावर भार येणार नाहीं अशी पादत्राणें करवून दिलीं. आणखी पंधरवडा गेला असता तर अंगठा ठेवतां आला असता कीं नाहीं याची शंकाच होती, असें ते म्हणाले. जखम अजून पुरी भरलेली नाहीं, पण निम्मी झाली आहे. भगिनी पुढें लिहितात कीं, त्यांच्या चिरंजीवांनीं घरीं आल्यावर कबूल केलें : "तीन आठवडे मी मधाला हसत होतों, पण पट्टी सोडून आजीचा पाय कधीं पाहिला नाहीं." आजीबाईंनींहि कबूल केलें कीं, नातू हसेल म्हणून त्याच्यापुढें पाय करण्याचें त्या टाळीत होत्या.

आमचा निवाडा याहून निराळा नाहीं. मधाविषयीं आजीबाई पुष्कळ अंशीं बरोबर होत्या. मुंग्यांविषयीं नातू चूक होता. आणि पायाविषयीं दोघेंहि चुकलीं. औषध कोणतें, जुनें कीं नवें, या वादांत ज्याच्यासाठीं औषध आणिलें तो अवयवच पाहावयाचा राहून गेला. असें आपल्या सुशिक्षित घरांत वारंवार घडतें.

आतां घरांत मधाचा उपयोग कोठपर्यंत करावा तें थोडक्यांत सांगतों. किरकोळ खरचटलें असल्यास जखम आधीं वाहत्या स्वच्छ पाण्यानें धुवावी. भाजलें असल्यास भाजलेली जागा वीस मिनिटें नळाच्या थंड पाण्याखालीं धरावी. बर्फ, शाई किंवा तूप यांपैकीं कांहींच लावूं नये. मग लहान, वरवरच्या जखमेवर मध लावावयाचा तर निर्जंतुक औषधी मध गॉजवर पसरून तो गॉज जखमेवर ठेवावा, वर कोरडी पट्टी बांधावी, आणि ओल बाहेर येतांच पट्टी बदलावी. प्रथम थोडें चरचरतें. तें फार वेळ टिकलें तर मध धुवून टाकावा. ज्यांना मधमाशी किंवा मध यांचें वावडें आहे त्यांनीं या वाटेस जाऊं नये. खोल जखम, गंजका खिळा रुतणें, कुत्र्याचा चावा, तोंडावरील, हातावरील अगर तळहाताहून मोठी भाजलेली जागा, वाढत जाणारी लाली, ताप, किंवा आठवड्यांत न भरणारी जखम, यांपैकीं कांहींहि असल्यास मधाची बाटली बाजूला ठेवून वैद्य गांठावा. धनुर्वाताची व पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाची लस मधानें चुकत नाहीं.

ज्या घरांत मधुमेही वडील माणूस आहे त्या घरच्या सुनांना, लेकींना आणि मुलांना आमची आणखी एक विनंती आहे. वडील माणसें पाय दाखविण्यास संकोचतात, आणि वयोमानानें त्यांना वांकून स्वतःचा तळवा पाहतां येत नाहीं. म्हणून आज रात्रीं निजण्यापूर्वीं दिव्यापाशीं बसून त्यांचे दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. फोड, भेग, लाली किंवा ओल दिसली तर दुखतें कीं नाहीं हें विचारीत बसूं नये. दुसऱ्या दिवशींच वैद्याला दाखवावें. आणि हा क्रम एक रात्र न ठेवतां रोजचा ठेवावा.